दोन नाड्या

नाशिक, ४ फेब्रुवारी २०२५

ति. लंकाअक्कास, संध्याचा नमस्कार. वि. वि.

सायलीचं अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आज सकाळी स्वतः मला सांगितलं. ती गरोदर नव्हती, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. पोरगी तापाने बरळत होती आणि आपला भाऊ दीपक, तिचा सख्खा बाप, त्यांना आधी तेच विचारत होता म्हणे.

तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि अर्धी गल्ली ऐकते, म्हणून पत्र लिहिते आहे. मोतीरामचा टेम्पो द्राक्षं उतरवून रिकामा परततोय, त्याच्याकडे देते.

साखरपुड्यात सायलीला उलटी झाली. चांदवडचे पाहुणे समोर, नवनाथ अंगठी हातात घेऊन उभा. तू उठलीस, तिचं मनगट धरलंस, डोळे मिटलेस आणि सगळ्यांदेखत म्हणालीस की दोन नाड्या लागतात. पाहुणे ताटावरून उठून गेले. दीपकने तिला खोलीत कोंडलं. पोट दुखतंय म्हणून ती ओरडायची, तेव्हा वहिनी टीव्हीचा आवाज वाढवायची, असं वहिनीनेच मला रडत सांगितलं.

लहानपणी जत्रेतल्या तंबूत आपण सिनेमे पाहायचो. हिरॉईन ओकली की डॉक्टर मनगट धरून गोड हसायचा, आणि घरी येऊन तू माझं मनगट धरायचीस. तेव्हा मी आठ वर्षांची होते, म्हणून बचावले.

गोळ्या वेळेवर घे. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
संध्या

•

पिंपळगाव बसवंत, ६ फेब्रुवारी

चि. सौ. संध्यास, अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोरगी वाचली, देव पावला. तुझं टोचून लिहिणंही पोचलं. तू बेडूक कापून शिकलीस, मी माणसं पाहून. कॉलेजात शिकवतेस ते पोरांना शिकव.

दोन नाड्या लागल्या म्हणजे लागल्या. बोटाखाली कशा धडधड धावत होत्या, अजून हाताला आठवतं. एकीची नाडी एवढी पळते का? आजवर भावकीतल्या किती सुनांची मी पाहिली, एक चुकली नाय. गोरक्षच्या बायकोचं तर डॉक्टरच्या आधी सांगितलं. आणि पोट दुखत होतं तर पोरीनं नीट सांगायचं ना. रडत होती ती शरमेनं, असंच सगळ्यांना वाटलं. सिनेमातसुद्धा तशाच रडतात.

इकडे काढणी चालू आहे, मजूर मिळत नाय. दीपक नुसता बागेत बसतो. मी बिघडवलं असेल तर मीच नीट करीन. चांदवडच्यांना खरं कळायला पाहिजे. तिथे काय काय तपासलं, सगळं सविस्तर कळव.

अंगावर स्वेटर घालत जा, तुला थंडी सोसत नाय. आम्हाला मनातून काढू नकोस.

तुझी,
अक्का

•

नाशिक, ९ फेब्रुवारी

ति. अक्कास, सा. न. वि. वि.

सायली शुद्धीवर आहे. काल चहा मागितला, आणि तो बेचव आहे म्हणून नर्सला ऐकवलंही.

तुला लागल्या त्या दोन नाड्या नव्हत्या. एकच होती, दुप्पट पळणारी. आत पू झाला की काळीज असंच धावतं. पोटातल्या बाळाची नाडी आईच्या मनगटात कधी लागत नाही, अक्का, नवव्या महिन्यातही नाही. ती फक्त सिनेमात लागते. तू बरोबर जागी बोट ठेवलंस. पोरगी मरणाच्या वाटेवर आहे असं ती नाडी सांगत होती, आणि तू पेढ्यांची बातमी ऐकलीस.

आता लिहिते ते फक्त तुझ्यापाशी राहू दे. पू ओटीपोटात पसरला होता. पुढे मूल राहायला अडचण येऊ शकेल, येणारही नाही, आज सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. सायलीला अजून सांगितलेलं नाही. पुढच्या सोमवारी टाके काढून घरी सोडतील, तेव्हा मी शांतपणे सांगेन. दीपकलाही ठाऊक नाही.

एवढं माझ्यासाठी सांभाळ. लोभ तुझा, भरवसाही तुझाच.

तुझी,
संध्या

•

पिंपळगाव बसवंत, १२ फेब्रुवारी

चि. सौ. संध्यास, आशीर्वाद.

काम करून आले. काल दीपकला घेऊन चांदवडला गेले. त्यांचं घर भरलेलं होतं, ते बरंच झालं, सगळ्यांच्या कानावर एकदाच गेलं. नवनाथची आई तोंड फिरवून बसली होती. म्हणाली, पोट पाडलं असेल आणि अपेंडिक्सचं नाव केलं असेल. मला सहन झालं नाय. मी म्हटलं, बाई, आमची पोरगी गंगेसारखी आहे. तिला दिवस जाणं शक्यच नाय. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, ती कधीच आई होऊ शकणार नाय.

नवनाथच्या आईनं माझे हात धरले, माफी मागितली, डोळ्यांना पदर लावला. आपल्या पोरीच्या नावाला आता कुणी बोट लावणार नाय. सोयरीक ते करणार नायत, पण ते मी समजू शकते, त्यांचा एकुलता एक आहे. दीपकनं परतताना वाटेत चहासुद्धा घेतला नाय.

सोमवारी पोरीला आणताय ना? मी भाकरतुकडा घेऊन दारात उभी राहीन. गल्लीतल्या बायकांनाही बोलावलंय, सगळ्या हळहळतात बिचारीसाठी.

तुझ्या उत्तराची वाट पाहते. मायेत कमी करू नकोस.

तुझी,
अक्का

•

नाशिक, १४ फेब्रुवारी

अक्का,

‘अडचण येऊ शकेल’ असं मी लिहिलं होतं. ‘कधीच होणार नाही’ हे वाक्य डॉक्टरांचं नाही. तेही तंबूतलंच आहे. ऑपरेशनच्या दारातून बाहेर येऊन, चष्मा काढून ते म्हणतात.

सायलीला काही ठाऊक नाही. मी तिला तुझ्यावर रागाव म्हटलं, तर हसली. म्हणाली, सोमवारी दारातच अक्कात्यापुढे हात करते, आता एकच लागते का बघ म्हणते.

सोमवारपर्यंत थांबणं आता माझ्या हातात राहिलेलं नाही. टाके असतानाच, रविवारी दुपारी, तिला सांगावं लागेल. नाहीतर हळहळणाऱ्या बायकांकडून ऐकेल. त्यानंतर ती गंमत तिला सुचेल की नाही, मला माहीत नाही.

सोमवारी अकराच्या सुमारास आम्ही पोचू. त्या बायकांना परत पाठवू नकोस. पोरीने हात पुढे केला तर धर, एकच नाडी लागते म्हण, आणि दोन लागल्या हे खोटं होतं असंही म्हण, मोठ्याने. तुझा आवाज स्पीकरशिवाय गल्लीभर जातो. हात पुढे केला नाही, तर भाकरतुकडा टाक आणि वाटेतून बाजूला हो.

लोभाचं सोमवारनंतर बघू.

संध्या