पलीकडून उत्तर आलं नाही तर

आई, तू जिथे ऑपरेटर होतीस ते टेलिफोन एक्स्चेंज कधीच बंद झालं, पण काम म्हणशील तर मीही तुझंच करते. भाषा शिकवलेली यंत्रं निघाली आहेत आता. काहीही विचारा, माणसासारखं अस्खलित उत्तर देतात. पण दिंडोरीतल्या एखाद्या द्राक्षबागेत काल पाऊस झाला का, हे त्यांना बसल्या जागी कसं कळणार? म्हणून मध्ये मी एक सर्व्हर बांधते. यंत्र त्याला विचारतं, तो बागेत पाऊस-वारा मोजणारा जो खांब असतो त्याच्याकडून आकडे आणून देतो. तुझा तो कॉल जोडायचा दोऱ्यांचा बोर्डच समज, फक्त खुर्चीवर कोणी बसत नाही.

शाळेला सुट्टी होती म्हणून तू मला एकदा कामावर नेलं होतंस. घोटीचा एक तांदळाचा व्यापारी ट्रंक कॉलवर ओरडतोय, "म्हणजे गाडी निघाली का, बाई?" आणि तू शांतपणे पुन्हापुन्हा सांगते आहेस, "पलीकडे उचलत नाहीत, एवढंच मला माहीत आहे." घरी आल्यावर तू मेथी निवडत होतीस. मी म्हटलं, निघाली म्हणून टाकायचं, बिचाऱ्याच्या जिवाला तेवढीच शांतता. तुझा हात थांबला. "आपण जोडून द्यायचं. पलीकडचा बोलला नाही तर त्याच्या वतीनं आपण बोलायचं नाही." एवढं बोलून परातीत पुन्हा डोकं खुपसलंस. मला राग आला होता, कारण मला तू कोरडी वाटलीस.

या वर्षी ऑक्टोबरच्या छाटणीनंतर दिंडोरीच्या एका बागायतदाराचा सकाळीच फोन आला. ते नाशकात राहतात, बाग तिकडे. "मॅडम, तुमचं यंत्र म्हणतंय पाऊस नाय, फवारणीची गरज नाय. अन् मी हितं चिखलात उभा हाय. सगळं औषध धुऊन गेलं. तुमच्यावर विसंबून घरी बसलो असतो तर डावणी रोगानं एक घड ठेवला नसता." मी लगेच सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. खांब रात्री बंद पडला होता, आणि उत्तर आलं नाही तर शून्य पाठवायचं, असं मीच सर्व्हरला शिकवून ठेवलं होतं. यंत्राने ते शून्य वाचलं आणि गोड भाषेत सांगून टाकलं की पाऊस नाही.

त्याच दिवशी मी ते बदललं. आता खांब गप्प असला की सर्व्हर तसं स्पष्ट कळवतो आणि यंत्रही तेच सांगतं. धंद्यातला माझा भागीदार वैतागला. "उठसूट 'माहीत नाही' म्हणायला लागलं तर कोण वापरणार?" त्याचंही अगदीच चूक नव्हतं. निफाडला बागायतदारांना हे सगळं दाखवायला आम्ही दोघं गेलो, तर नेमका तिथलाच खांब बंद. पडद्यावर आलं: बागेतून उत्तर येत नाही, पावसाचं सांगता येत नाही, जाऊन बघा. "मंग तुमचा उपेग काय?" असं एकजण म्हणाला आणि सगळे हसले. बरेचजण चहा पिऊन उठून गेले.  धंदा टिकेल की नाही, कोण जाणे. मी मात्र ते पुन्हा पूर्वीसारखं करणार नाही.

हे तुला लिहायला बसले ते शाबासकीसाठी, आता लपवून काय करू. तू गेल्यापासून मी हेच करत आले आहे. अडलं की तुला विचारायचं, आणि मला सोयीचं असेल ते तुझ्या तोंडी घालून निवांत झोपायचं. नोकरी सोडली तेव्हाही तुझी परवानगी मी अशीच मिळवली होती. आजही तुझी शाबासकी शब्दन् शब्द तयार होती. ती मी इथे लिहिली होती आणि आत्ता खोडली. तू काय म्हणाली असतीस, मला माहीत नाही.