दोनदा विकत घेतलेली हिरवी गाडी आणि माझी इतर मिळकत

मी, ऑब्री वेंटवर्थ हॅडो, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा जुन्या वस्तूंची किंमत ठरवणे (आता निवृत्त), राहणार लडलो, परगणा श्रॉपशायर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांचे मत आहे. त्यांनी माझी गाडी अद्याप पाहिलेली नाही. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी एकुलती मुलगी हेस्टर हिने करावी. ती शाळेत गणित शिकवते आणि माझ्यासारखी कशाच्याही प्रेमात पडत नाही.

२. नदीकडच्या उतारावरील माझे राहते घर, आतील सामानासह, हेस्टरला मिळावे. मागच्या खोलीचे छत गळते. तिथली बादली हलवू नये, ती बरोबर जागेवर आहे.

३. बँकेत जी शिल्लक असेल ती, माझी पत्नी रोझामंड हिच्या अखेरच्या वर्षात ज्या संस्थेच्या परिचारिका घरी येत असत, त्या संस्थेला द्यावी. शिल्लक इतकी कमी का, हे पुढच्या कलमावरून कळेल.

४. सन १९६५ साली बनलेली, हिरव्या रंगाची, कापडी टपाची, दोन आसनांची माझी स्पोर्ट्स गाडी. ती बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला, त्यामुळे तक्रार करायला जागा उरलेली नाही.

लिलावगृहात मी आयुष्यभर लोकांना एकच सल्ला दिला: वस्तूवर जीव लावू नका, लावलात तर किंमत दिसेनाशी होते. लोकांनी तो ऐकला आणि त्यांचे भले झाले.

ही गाडी मी लग्नाआधी घेतली, रोझामंडवर छाप पाडण्यासाठी. पहिल्याच फेरीत पाऊस आला आणि टप अर्ध्यात अडकला. "गाडी छान आहे," ती निथळत म्हणाली, "आता घरी कसं जायचं?" पुढे हेस्टर झाली. आसने दोन आणि माणसे तीन. काही महिने तिची टोपली आसनांमागच्या फळीवर ठेवून आम्ही हिंडलो. शेवटी सासूबाईंनी दम भरला आणि मी गाडी विकली. घेणारा शेजारच्या गल्लीतला दंतवैद्य, सिरिल ट्रेंचम. त्या काळी अशा गाड्यांना कोणी विचारत नव्हते. आलेल्या पैशांत कपडे धुण्याचे यंत्र आले, आणि तेही जुने.

त्यानंतर सिरिल दर रविवारी माझ्या दारावरून ती मुद्दाम हळू चालवत नेई. मी परत मागितली की म्हणे, "सोडून तू गेलास, ती नाही." पुढे अचानक अशा गाड्यांचे भाव आभाळाला भिडले. ते आणखी चढतील असे वर्तमानपत्रात छापून आले. ते लिहिणारा जाणकार मीच होतो. स्वतःचा लेख वाचून मी इतका हादरलो की आईकडून आलेले उभे घड्याळ आणि घरामागचा जमिनीचा तुकडा विकून सिरिलकडून गाडी परत घेतली. पुढच्याच वर्षी भाव कोसळले. सिरिलने त्या पैशांतून काचेची खोली बांधली, तिच्यात तो आजही टोमॅटो लावतो. त्याने मला फसवले असे मी गावभर सांगत सुटलो आणि कित्येक वर्षे त्याच्याशी बोललो नाही. तो फसवणार कसा? भाव तर मीच छापला होता.

रोझामंड आजारी पडल्यावर एका दुपारी म्हणाली, "मला गाडीतून फिरवून आण." फिरून आलो, गॅरेजात गाडी उभी केली, आणि तिला उठताच येईना. गाडी जमिनीलगत, तिच्या पायांत जोर नाही, माझी कंबर गेलेली.

"असू दे," ती म्हणाली. "मला गाडीसकटच पुरा."

शेवटी मी सिरिलचे दार वाजवले. तो आला आणि वाकून आत पाहू लागला.

"रोझामंड, कुठला दात दुखतोय?"

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. तिला लगेच बाहेर यायचेच नव्हते. सिरिलने घरून चहा आणि टोमॅटोची सँडविचेस आणली. ती गाडीत, आम्ही दोघे उलट्या बादल्यांवर, अशी आमची पंगत अंधार पडेपर्यंत चालली. मग आम्ही दोघांनी मिळून तिला उचलले. त्यानंतर ती त्या गाडीत बसली नाही. सिरिलशी मात्र माझे भांडण परत सुरू झाले नाही. आम्ही आता फक्त वाद घालतो.

सदर गाडी मी हेस्टरला देत आहे. ती विकण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. "अस्सल मालक गाडी विकत नाही" असे तिला कोणी ऐकवल्यास तिने लक्ष देऊ नये. किमतीचा आकडा मी लिहीत नाही. या एका वस्तूच्या बाबतीत माझा प्रत्येक अंदाज चुकला आहे.

५. गाडीच्या दुरुस्तीची माझी सर्व हत्यारे, पाने आणि जॅक सिरिल ट्रेंचम याला मिळावेत. निम्मे पाने मूळचे त्याचेच आहेत, हे तो सांगेलच.

६. आमच्या गाडीमालक मंडळाच्या अध्यक्षांनी माझ्या अंत्यविधीत भाषण करू नये. एका मेळाव्यात त्यांनी सर्वांदेखत माझ्या गाडीचे आरसे "मूळचे नाहीत" असे जाहीर केले होते. आरसे मूळचे नाहीत हे खरे आहे. तरीही.

७. चौथे कलम मी काल हेस्टरला वाचून दाखवले.

"खरंच विकू, बाबा?"

"खुशाल वीक."

"मग पहिल्याच आठवड्यात विकते. त्या पैशांत मागच्या खोलीचं छत नीट करून घेईन."

"अगदी शहाणपणाचं," मी म्हणालो, आणि जेवण अर्धे टाकून गॅरेजात जाऊन बसलो. थोड्या वेळाने ती मागून आली.

"बाबा, तुम्हीच म्हणालात ना वीक म्हणून?"

"म्हणालो."

"मग रुसलात का?"

"रुसलो नाही. चाकं पुसतोय. चांगला भाव यायला हवा."

तिने दुसरे फडके घेतले आणि पलीकडच्या चाकाशी बसली. रात्री चौथे कलम मी पुन्हा वाचले. त्यात बदल करावा असे फार वाटले. केलेला नाही.

स्थळ: लडलो
दिनांक: १४ मार्च २०१९

(सही) ऑब्री वेंटवर्थ हॅडो

वर सही करणाऱ्यांनी आम्हा दोघांसमक्ष सही केली आणि आम्ही त्यांच्यासमक्ष केली. या मिळकतीत आमचा कसलाही वाटा नाही.

साक्षीदार:
१. (सही) मेव्हिस टॉल्बट, निवृत्त ग्रंथपाल, लडलो
२. (सही) ग्विलिम प्रॉसर, खाटीक, लडलो