दर्भाचा कावळा

सांगली, ४ फेब्रुवारी १९४७
आठवा दिवस, जमिनीवर बसून जेवते आहे. टेबलावर मढं. चिंध्यांचं, वीतभर. भाचा माधव कोल्हापूरच्या स्टुडिओत तीन वर्षं दिवे उचलून आला, आता माझ्या घरात स्वतःचा सिनेमा काढतो. बाहुली केसभर हलवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायची. दिवसभर तो खपला, तेव्हा मढ्याने मान वळवली. बस्स.

७ फेब्रु.
गोष्ट कळली. बाई मरते. पिंडाला कावळा शिवेना. नातेवाईक एकेक वचन देतात, मढं उठून बसतं आणि नाही म्हणतं.
"मावशी, लोक हसतील बघ."
मला शिसारी आली. मी शिकवायचे त्या कॉन्व्हेंटातल्या नरकाच्या चित्रांतही एवढं बीभत्स नव्हतं.

८ फेब्रु.
कामवाल्या सोनाबाईने केर काढताना मढ्याला कुंकू लावलं! पुसलं तर डाग. चार दिवसांची चित्रं वाया. माधव डोकं धरून बसला.
"आवं बाई, हिरवं लुगडं नेसवलंय, सवाशीण गेलीया. मोकळं कपाळ बरं दिसतं व्हय?"
मी हसले. मग चष्मा लावून पाहिलं. लुगड्याचा तुकडा आक्काचा. साताऱ्याची माझी थोरली बहीण, माधवची आई. जाऊन वर्ष झालं.

११ फेब्रु.
"आईची बाहुली करतोस? लाज नाही वाटत?"
"तू घाटावर नव्हतीस, मावशी."
बायका जातात का घाटावर? म्हणाला, दुपार टळली तरी कावळा येईना. बाबा बोलले, काका बोलले, मी बोललो. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिवला. "आईचं काय राहिलं होतं गं?"
म्हटलं, भाकरी गार होते आहे.

१२ फेब्रु.
ठाऊक आहे मला. आक्काने अंथरुणावरून तीन पत्रं लिहिली, एकदा येऊन जा. जुनं भांडण. कशावरून, तेही आता धड... परीक्षा आहेत म्हणून कळवलं. तेव्हा मला निवृत्त होऊन सहा महिने झाले होते.

१५ फेब्रु.
माधव शेवटाशी अडकला. दर्भाचा कावळा पिंडापासून चार बोटं लांब. कोण काय बोललं म्हणजे शिवेल, सुचेना. उगाच शिववणार नाही म्हणतो. हट्टी, आईसारखा.
तीनही पत्रं मढ्याच्या उशाशी ठेवली. त्याने वाचली. ओरडला असता तर बरं झालं असतं.

१७ फेब्रु.
टेबलावर नवी बाहुली. चष्मा, बगलेत छत्री. मढ्यापासून लांब, पुठ्ठ्याच्या दाराशी उभी.
"माझं नाक एवढं लांब?"
"टेबलाला धक्का लावू नकोस, मावशी. हलेल ती."
दिवे लागेपर्यंत छत्रीवाली बाई एक पाऊल आत आली. कावळा अजून चार बोटं लांबच.