शब्द वगळून माझी कादंबरी

मुरबाड, रविवार दुपार

तीर्थरूप जिवलीताईस,

धाकट्या राघोचा वाकून नमस्कार. वाशिंदच्या नव्या जिन्याला तुझे गुडघे सरावले असतील आणि भावजींची साखर आटोक्यात असेल, असं धरून चालतो. माझी तब्येत उत्तम आहे, फक्त डोकं ठिकाणावर नाही.

माझी एकुलती एक कादंबरी (घर सोडून गेलेल्या हौसाची) आज रेडिओवर लागली. बावीस वर्षांत वाडीत ती कुणी वाचली नाही. रेडिओवाल्यांचं पत्र आलं तेव्हा वाटलं, वाचली नाही तर निदान यांच्या कानावर तरी पडेल. काम होतं शहापूरच्या कुणालीकडे. गळ्यात हेडफोन, वय तिशीच्या आत. तिने पहिल्याच भेटीत सांगितलं की शब्द ठेवायचे नाहीत, कादंबरीतले फक्त आवाज ठेवायचे. मी उसासा टाकला, तर तिने तोही टिपून घेतला.

तिला खळ्यावरची झोडणी, सूप, बैलांचे घुंगरू, धाऊची भाताची गिरणी असं सगळं हवं होतं. मी वाडीत निरोप दिला की सोमवारी रेडिओवाले येणार. झालं! पाहुणे येणार म्हटल्यावर आपली माणसं जे करतात ते सगळं त्यांनी केलं. गिरणी बंद, बैलांचे घुंगरू काढून घासायला, कोंबड्या डालग्याखाली, आणि बाया ठेवणीतली लुगडी नेसून खळ्यावर हाताची घडी घालून बसलेल्या. "आमी हूं का चूं केला नाय, मास्तर," असं शेजारची रखमी वर अभिमानाने सांगते. कुणालीने ती शांतता चाळीस मिनिटं टिपली (म्हणे फार घट्ट आहे). मग यांना भात झोडायला लावता लावता माझा घसा बसला. कुणालीला नेमका तो बसलेला घसा आवडला, आणि तिने माझ्याकडून हौसाला तीन हाका मारून घेतल्या.

आज सकाळी गिरणीत सगळ्यांनी मिळून ऐकलं. वीस मिनिटं शांतता, सूप, गिरणीचा पट्टा, माझा उसासा आणि "हौसा". एकशे बारा पानांतला एवढा एक शब्द उरला. मी मान खाली घालून बसलो होतो आणि वाडी खूश! "ह्यो माझ्या सुपाचा आवाज हाय," म्हणून दोघी भांडल्यासुद्धा. मला वाईट वाटलं, ताई, उघड सांगतो. कुणालीला आजच खरमरीत पत्र टाकणार आहे.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
राघो

ता. क. : कुणालीचं पत्र तूर्त राहिलं. रखमी माझ्यामागोमाग घरापर्यंत आली. "मास्तर, तुमी तीनदा हाक मारली, ती बोललीच नाय. परत आली का नाय ती?" मी म्हटलं, पुस्तकात आहे. तर म्हणते, "मग द्या ना. अक्षर लावून लावून वाचीन." बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं पुस्तक मागितलं आणि घरात एक प्रत नाही. शेवटची होती ती कुणालीने पानं सुटी करून आपल्या भिंतीवर चिकटवली आहे.

आणखी एक ता. क. : वास्तुशांतीला तुला दिलेली प्रत इकडे येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठव. उघडली नसशील तर रागावणार नाही, उलट कोरी मिळेल. वाचली असशील, तर मात्र पाठवू नकोस, तुझ्याजवळच असू दे. मी शहापूरला जाऊन भिंतीवरून उतरवून घेईन.