शंभरातले सहा कुठे गेले?

१० नोव्हेंबर, सकाळी ६
काल घरात फायबर आलं. शंभर एमबीपीएसचा प्लॅन. शुक्रवारी अकराला मोनालीची ऑनलाइन मुलाखत. लेकीची नोकरी आमच्या घिवली गावच्या नेटपायी जाता कामा नये. तुलना सुरू: फोरजी घरात ६, फाइव्हजी गच्चीवर ८५, फायबर ९४. उरलेले सहा कुठे गेले? शेजारच्या शैलेशवर लक्ष ठेवायचं.

सकाळी ८
फिटरने केबल नारळावरून घरात नुसती लोंबत आणलीय. कामचुकार. मी ताणून नारळाला पक्की गाठ मारली. वत्सलेला बोंबील वाळत घालायला आयती दोरी झाली. डोकं लागतं.

११ नोव्हेंबर
सहाला ९१. साडेनऊला ३! फोरजीपेक्षा कमी. नेमका तेव्हाच शैलेश अंगणात मोबाईल बघून हसत होता. वत्सला म्हणाली, तो सगल्यांनाच हसतो. बायको भोळी आहे.

१२ नोव्हेंबर
पासवर्ड बदलला. विसरलो. पुन्हा बदलला. साडेनऊला २. संध्याकाळी बोंबील काढून झाल्यावर ९०. म्हणजे शैलेश दिवसाढवळ्या चोरतो. पॅटर्न सापडला.

१३ नोव्हेंबर
सिग्नल त्याच्या घरात जाऊ नये म्हणून राउटरवर पातेलं पालथं घातलं. स्पीड १. मोनाली रडकुंडीला आली. बाबा, उद्या तुमी कायपण करू नका, म्हणाली. माझ्याशिवाय करणार कोण? आज बोंबील भरपूर. केबल वाकली, पण माझी गाठ हलली नाही.

१४ नोव्हेंबर, १०.४०
राउटरवर लाल दिवा. नेट बंद. मोनाली लॅपटॉप घेऊन धावत बाहेर गेली. कुठे, ते विचारायचं धाडस झालं नाही.

दुपारी १
फिटर रूपेश आला. केबलकडे बघतच राहिला. काका, हिच्यात तार नाय, काच हाय काच, म्हणाला. गाठ मारल्यावर उजेड पुढं जाईल कसा, आनि वरून बोंबलांचं वजन! मी म्हटलं, हे कंपनीने लिहून द्यायला हवं होतं. त्याने फोटो काढला. कोणाला पाठवणार, कोण जाणे.

संध्याकाळी ६
मुलाखत झाली. छान झाली. शैलेशच्या घरी, शैलेशच्या वायफायवर. त्याने घरातले सगळे मोबाईल आणि टीव्ही तासभर बंद ठेवले होते. ऐकून लाज वाटली. वत्सलेने टोपलीभर सुके बोंबील हातात दिले, सवता जाऊन द्या म्हणाली. गेलो. शैलेशने चहा दिला, पासवर्डही दिला. तिथे बसल्या बसल्या स्पीड मोजला: ९८.

माझ्यापेक्षा चार जास्त. विचारणार होतो. नाही विचारलं.