सरांची डागडुजी

सोमवार, ४ मार्च

जिंकले! स्वेटर विणणाऱ्या यंत्रांना हुकूम देणारी आमची प्रोग्रॅमिंगची भाषा आता मुळापासून नव्यानं लिहायची. सर म्हणत होते, "एकेक नियम बदलू. लोकांची यंत्रं चालू आहेत." मी भर बैठकीत म्हटलं, "किती दिवस ठिगळं लावणार, सर?" सगळे हसले. ही भाषा त्यांनीच जन्माला घातली, मला शिकवलीही त्यांनीच. ते चष्मा पुसत राहिले.

मग भाषेत परस्पर बदल करायचा त्यांचा अधिकारही काढला. सूचना माझीच. यापुढे त्यांनी काही पाठवलं तर मंजूर मी करायचं.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

गुरुवार, १२ सप्टेंबर

नवी भाषा बाहेर पडली. देखणी आहे — माझ्याच तोंडानं सांगते.

सोमवार, १६ सप्टेंबर

वहिनीचा फोन. तिचा छोटा कारखाना आहे स्वेटरचा. "अगं, तुझ्या शब्दावर सगळं नवीवर टाकलं. जुनी एकही नक्षी चालत नाही." मी म्हटलं, "नव्यानं लिहून घे ना." "इतक्या वर्षांच्या नक्षी? यंत्रं बंद ठेवून? बायका नुसत्या बसून आहेत गं."

जुन्या नक्षी नवीत आणायची वाटच आम्ही ठेवली नव्हती. सर तेच विचारत होते. मला ते रडगाणं वाटलं होतं.

बुधवार, १८ सप्टेंबर

वहिनीनं गुपचूप जुनी भाषा परत बसवली. दादाकडून कळलं. "तुला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही ती." यापेक्षा तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं.

शुक्रवार, २० सप्टेंबर

बाकीचे कारखानेही जुनीवर परतले. बैठकीत मी म्हटलं, "लोकांना शिकायचा कंटाळा." नाचता येईना, अंगण वाकडं! स्वतःचा आवाज ऐकून किळस आली.

रविवार, २२ सप्टेंबर

सरांना फोन करायचा होता. नंबर काढला. फोन उपडा ठेवला आणि कपाट आवरत बसले.

सोमवार, २३ सप्टेंबर

माझ्या मंजुरीसाठी सरांचं काम आलंय. जुन्या भाषेत एकच नियम वाढवलाय — जुनी नक्षी चालू ठेवून तिचा हवा तो तुकडा नव्या भाषेत लिहिता येईल. वहिनीला यंत्र न थांबवता सावकाश नवीवर येता येईल.

खाली लिहिलंय: "नवी भाषा चांगली झाली आहे. ती लोकांपर्यंत पोचायला हवी. मॅडम, परवानगी असावी."

मॅडम. मला ते कायम 'पोरी' म्हणायचे.