जावयाच्या गळ्याची गोष्ट

मेलबर्न

प्रिय आई,
शिमुनकडून तुला घट्ट मिठी. आम्ही सगळे धडधाकट आहोत.

गावात कुणी इथल्या पेपरातला फोटो दाखवलाच, तर घाबरू नकोस. त्यात मी तुझ्या जावयाचा गळा आवळतोय असं दिसतं. खरं तर आपल्या क्रोएशियन फुटबॉल क्लबने गोल मारला, म्हणून मी याकोव्हला मिठी मारली होती. खाली छापलंय, 'परदेशी टोळ्यांची दंगल'. त्याच दिवशी इथल्यांच्या त्या अंडाकृती चेंडूच्या फुटबॉलमध्ये दोन जबडे मोडले, तो मात्र 'रंगलेला सामना'!

कारखान्यात मुकादम मला 'गुंड' म्हणतो, ते हसून सोडलं. पण शाळेत तुझ्या नातीशी, माझ्या लुत्सीयाशी, कुणी बोलेना. मग याकोव्हला घेऊन थेट पेपरच्या कचेरीत गेलो.

"हा बघा, जिवंत आहे!" मी म्हणालो.

"मग फोटोत हा एवढा ओरडत का होता?" संपादकाने विचारलं.

"गोल झाल्यावर तुम्ही काय मुसमुसता?" याकोव्ह म्हणाला.

संपादक हसला. त्याने चहा पाजला, दारात उभं करून आमचा फोटोही काढवला. आज तो छापून आलाय: 'दंगलखोर आमच्या दारात'.

लुत्सीया तो शाळेत घेऊन गेली आणि सगळ्यांना म्हणाली, "बघा, बाबांचा नवा कोट!"

तुझे गुडघे कसे आहेत? ऑलिव्ह उतरवायला कुणी मिळालं का?

तुझा लाडका गुंड,
शिमुन